अंगणातलं झाड पडलं, तर त्याच्या फळ्या कशा कराव्यात

पुण्यात अंगणातली झाडं पडतात ती बहुधा दोन वेळांना. मे महिन्यात वळवाच्या वादळानं, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये जमीन भिजून मऊ झाली की. लाकडाच्या दृष्टीनं दोन्ही वेळा वाईटच. ओंडका पाण्यानं भरलेला, हवा ऊबदार आणि दमट, म्हणजे बुरशीला आणि किड्याला हवं ते सगळं तयार. झाड थंडीत पडलं असतं तर महिनाभर विचार करायला वेळ मिळाला असता. पावसाळ्याच्या तोंडावर पडलेल्या झाडाला तो मिळत नाही.

सहकारनगरमधल्या आमच्या घरामागचा आंबा मेअखेरच्या एका वादळात आडवा झाला. आजोबांनी लावलेला होता, म्हणून कुणाचा हात लागेना. तीन आठवडे तो तसाच पडून राहिला. नंतर चिरला तेव्हा दोन्ही टोकांना हातभर आत चिरा गेलेल्या होत्या आणि फिकट लाकडात काळपट निळे पट्टे उतरले होते. निम्म्याहून थोडं कमी लाकूड जळणात गेलं. उरलेल्यातून जेवणाचं टेबल, एक बाक आणि चार पाट झाले, ते रोजच्या वापरात आहेत. जे गेलं ते वाचवता आलं असतं, आणि ते कसं हे आता मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. झाडाचं लाकूड करायचं म्हणजे त्यातलं पाणी बाहेर काढायचं, तेही सगळीकडून सारख्या वेगानं. चिरणं, रचणं, टोकांना रंग लावणं हे सारं त्याच एका कामासाठी असतं.

पहिला दिवस

विजेची तार झाडाखाली किंवा झाडावर असेल तर जवळ जाऊ नका. महावितरणचा १९१२ हा क्रमांक लावा आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत मुलांनाही लांब ठेवा. झाड घरावर, गाडीवर किंवा रस्त्यावर आलं असेल तर १०१ वर अग्निशमन दल. मात्र त्यांचं काम वाट मोकळी करणं हे असतं, त्यामुळे ते सोयीचे, म्हणजे दोन-तीन फुटांचे तुकडे करतात. दोन फुटांच्या तुकड्याची फळी होत नाही. धोका टळला असेल तर बुंधा लांब ठेवायची विनंती तिथंच, करवत लागण्याआधी करा. माणसं ऐकतात.

मुळासकट उपटलेलं झाड दिसतं त्यापेक्षा धोकादायक असतं. मातीचा मोठा चकतीसारखा गोळा उभा राहिलेला असतो आणि त्याला बुंध्याचं वजन रोखून धरत असतं. बुंधा कापताक्षणी तो गोळा धाडकन परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात किंवा गोळ्यामागे कुणी उभं राहायचं नाही. वाकून दबलेल्या फांद्याही अशाच, कापल्या की उसळतात. हे काम चेनसॉ रोज हाताळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. आंब्याचा चीक अंगावर उडाला तर अनेकांना पुरळ उठतं (आंबा बिब्ब्याच्याच कुळातला), म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला.

कागद

फांदी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. शहरातल्या झाडांना महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे, आणि झाड आपल्या आवारातलं असलं तरी ते तोडण्याचा निर्णय आपल्या एकट्याचा नसतो. आपोआप पडलेल्या झाडाचं तेवढंच सांगायचं असतं की ते आपोआप पडलं. क्षेत्रीय कार्यालयात उद्यान विभागाच्या नावे साधा अर्ज द्या: झाड कोणतं, घेर किती, कधी पडलं, सोबत फोटो. पोच घ्या. पिंपरी-चिंचवडकरांनी आपल्या महापालिकेकडे. झाड सोसायटीच्या जागेतलं असेल तर ते सोसायटीचं, म्हणून कमिटीचं पत्र आधी घ्या. फुटपाथवरचं झाड महापालिकेचं, त्यावर आपला हक्क नाही.

हा कागद पुढे वखारीत लागतो. सॉ मिलला वन खात्याचा परवाना असतो आणि आलेला माल कुठून आला याचा हिशेब त्यांना ठेवावा लागतो, म्हणून शहाणा वखारवाला कागद बघितल्याशिवाय ओंडका उतरवून घेत नाही. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ओंडका वाहनातून न्यायला वाहतूक परवाना लागेल का, हे निघण्याआधी वन विभागात विचारून घ्या. चंदन असेल तर त्याला हातही लावू नका, आधी वन विभागाला कळवा.

चिरण्याच्या लायकीचं आहे का

प्रत्येक पडलेल्या झाडाच्या फळ्या करायच्या नसतात. माझा मापदंड असा: सरळ बुंधा निदान सहा फूट, घेर निदान साडेतीन-चार फूट, आणि आत पोकळ नाही. हातोडीनं ठोकत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ जागी घुमल्यासारखा आवाज येतो.

पुण्याच्या बंगल्यांत सगळ्यात जास्त सापडतो तो आंबा. चिरायला सोपा, वाळायला बरा, आणि जुन्या झाडात तपकिरी-हिरवट रेषा फार देखण्या निघतात. वाळवीला आणि भुंगेऱ्याला तो प्रिय आहे, म्हणून घराबाहेर वापरू नये. फणस मिळाला तर नशीब समजा. ताजा चिरला की पिवळाधमक, पुढे वर्षानुवर्षं तांबूस तपकिरी होत जातो, आणि गाभ्याला, म्हणजे आतल्या गडद लाकडाला, कीड सहसा लागत नाही. कोकणात घरांना तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलाय. जांभूळ जड आणि ओलीत टिकणारं, पण वाळताना वाकतं आणि चिरतं, घाई केली तर जास्तच. कडुनिंबाचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे रंध्याखाली ते उचकटतं, पण कीड दूर ठेवतं, म्हणून कपाटाच्या आतल्या फळ्यांना उत्तम. चिंच दगडासारखी. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो उगाच नाही. तिच्या फळ्या करण्यापेक्षा जाड ठोकळे ठेवा.

गुलमोहर सगळ्यात जास्त पडतो आणि सगळ्यात कमी उपयोगी पडतो: मऊ, लवकर किडणारा. त्याच्यामागे चिराईचे पैसे घालू नका. रेन ट्रीचा गाभा मात्र गडद आणि सुंदर असतो. बाहेरचं फिकट लाकूड कापून टाकायचं. निलगिरी वाळताना इतकी फुटते की नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. नारळाचं खोड बाहेरून टणक आणि आतून भुसभुशीत, त्याचं तंत्रच निराळं.

लांबी ठरवा, टोकं बंद करा

काय करायचंय ते आधी ठरवा. टेबल सहा फुटी हवं असेल तर ओंडका सात फुटी ठेवा, कारण दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा फूट चिरांत जाणार असं धरूनच चालायचं. वाकडा बुंधा असेल तर वळण जिथं आहे तिथंच कापून दोन सरळ तुकडे करा.

आणि आता ते काम, जे मी तीन आठवडे केलं नाही. कापलेल्या टोकांना त्याच दिवशी जाड ऑइल पेंट किंवा वितळवलेलं मेण लावा, दोन हात. खोडातल्या नळ्या उभ्या जातात, त्यामुळे टोकातून पाणी बाजूपेक्षा दसपट आणि त्याहूनही वेगानं उडतं. टोक आधी वाळून आकसतं, मधला भाग ओलाच असतो, आणि त्या ओढाताणीत टोक फुटतं. उरलेला अर्धा डबा रंग हे सगळं थांबवतो. या कामासाठी बाजारातून वेगळं काही आणायची गरज नाही.

साल मात्र राहू द्या, चिरायला नेईपर्यंत. ओंडका मातीवर न ठेवता दोन दगडांवर, सावलीत. पावसाळ्याच्या दिवसांत आंबा दहा दिवसांच्या आत चिरला गेला पाहिजे. उशीर झाला की निळी बुरशी आत शिरते. तिच्यानं लाकडाची ताकद फारशी कमी होत नाही, पण रंग कायमचा जातो, तासून निघत नाही.

माप आणि वजन

वखारीत ओंडका घेराच्या पाव भागानं मोजतात. मध्यावरचा घेर इंचांत घ्या, चारानं भागा, त्याचा वर्ग करा, फुटांतल्या लांबीनं गुणा आणि १४४ नं भागा. घेर ६० इंच, लांबी ८ फूट: १५ गुणिले १५ गुणिले ८, भागिले १४४, म्हणजे साडेबारा घनफूट. ही रीत खऱ्या आकारमानाच्या साधारण ७८ टक्केच दाखवते, बाकी साल आणि चिराईतली घट म्हणून सोडून दिलेलं असतं. खरा आकार सोळा घनफुटांच्या जवळ, आणि ओलं लाकूड घनफुटाला अठ्ठावीस-तीस किलो भरतं, म्हणजे हा एकच ओंडका साडेचारशे किलोच्या आसपास! चार माणसांनी उचलायचा विषय नाही. छोटा हत्ती साधारण पाऊण टन नेतो, पण त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास असतो. आठ फुटी ओंडका बाहेर येईल, तो नीट बांधावा लागेल. गल्लीत शिरणार असेल तर हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, तासावर मागवा. ओंडका गडगडत पुढे नेताना त्याच्या उताराच्या बाजूला उभं राहू नका.

साडेबारा घनफुटांतून हाती सहा-सात घनफूट फळ्या येतात. घनफुटाला एक इंची बारा चौरस फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी चौरस फूट. घरच्या एका खोलीचं फर्निचर होईल एवढं.

वखारीत

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केट परिसरात विचारत फिरलं की ओंडका चिरून देणारं कुणी ना कुणी भेटतं. शहराच्या कडेच्या गावांतही आरायंत्रं आहेत. पहिल्या दोघांनी मला नकार दिला आणि त्यांचं कारण योग्य होतं. अंगणातल्या झाडात खिळे असतात. कपडे वाळत घालायच्या तारेचा हूक, झोपाळ्याचा बोल्ट, दिवाळीच्या माळांचे चुके, कुणी कधी मारलेली पाटी. झाड हे सगळं गिळून वर साल चढवतं. आऱ्याचं पातं खिळ्यावर गेलं तर पातं तुटतं, आणि तुटलेलं पातं माणसाला लागू शकतं.

म्हणून जाण्याआधी स्वतः शोधा. माणसाच्या उंचीपर्यंतचा भाग जास्त संशयाचा. भिंतीतल्या तारा शोधायचं साधं मेटल डिटेक्टर ओंडक्यावरून फिरवा. ते खोलवरचं धातू दाखवणार नाही, पण वरवरचं दाखवेल. कापलेल्या टोकावर निळा-काळा डाग दिसला तर त्या रेषेत कुठंतरी लोखंड आहे असं समजा, लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की असाच डाग पडतो. शंका असेल तर खालचे दोन-तीन फूट कापून सोडून द्या. वखारवाल्याला झाड अंगणातलं आहे हे स्पष्ट सांगा आणि पातं गेलं तर भरपाई कोण देणार हे आधीच ठरवा.

ओंडका हलवणं शक्यच नसेल तर चेनसॉवर बसणारी चिराईची चौकट मिळते. उभं चिरायला वेगळी साखळी लागते, नेहमीची आडव्या कापाची साखळी तापते आणि यंत्र दमतं. शिवाय हिचा काप आऱ्याच्या कितीतरी पट जाड, दर फळीमागे बराच माल भुशात जातो. पण मागच्या अंगणातून क्रेन निघत नसेल तर हाच मार्ग.

कसं चिरून घ्यायचं, ते तिथं उभं राहून सांगा. अगदी मधोमधचा बारीक मगज (आतलं सगळं गडद लाकूड नव्हे), ज्याभोवती वर्तुळं असतात, तो कुठल्याही फळीत राहता कामा नये, राहिला तर फळी तिथंच फुटते. त्याभोवतीची तीन-चार इंचांची पट्टी वेगळी काढून जळणाला किंवा कुंपणाला द्या. एक इंची तयार फळी हवी असेल तर सव्वा इंची चिरा, वाळताना आणि रंध्याखाली पाव इंच जातोच. टेबलाच्या पायांसाठी तीन इंची चौकोनी सोट आताच काढून घ्या, नंतर फळ्या चिकटवून पाय करत बसावं लागतं. सगळ्या फळ्या एकाच जाडीच्या असू द्या. जाडी कमी-जास्त झाली तर रचताना वजन सगळीकडे सारखं बसत नाही.

कीड

आंबा, रेन ट्री अशांचं फिकट लाकूड भुंगेऱ्याला मेजवानीच असते. घरी आणल्याच्या दिवशीच, ओलं असतानाच, बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाणी द्या: दहा लिटर कोमट पाण्यात २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स. ब्रशनं सगळ्या बाजूंना दोन-तीन वेळा लावून फळ्या एक-दोन दिवस प्लॅस्टिकखाली एकावर एक ठेवा, म्हणजे औषध आत शिरतं. त्यानंतर लगेच उघडून रचा. हातमोजे घाला, मुलं आणि मांजरं लांब. पोळपाट किंवा पाटासारखं अन्नाजवळ जाणारं काही करायचं असेल तर त्या फळ्या औषधाविना वेगळ्या ठेवा. हे औषध पावसात धुऊन जातं, म्हणून घरातल्याच वस्तूंना.

रचणं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. जागा सावलीतली, वारा आरपार जाणारी: पोर्चचा कोपरा, गच्चीवरचा पत्र्याचा आडोसा, जिन्याखालची उघडी जागा. बंद खोली नको, आणि पश्चिमेचं ऊन पडणारी भिंत तर मुळीच नको. जमिनीपासून फूटभर वर सिमेंटचे ठोकळे ठेवा, दर दीड फुटाला एक ओळ, आणि पाणसळ लावून सगळे एका पातळीत आणा. खालचा ठोकळा वाकडा तर वरची प्रत्येक फळी तशीच वाकून वाळणार, ती पुन्हा सरळ होत नाही.

फळ्यांच्या मध्ये एक इंची कोरड्या पट्ट्या. ओल्या पट्ट्या वापरल्या की तिथं काळी रेघ उमटते. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर, थेट ठोकळ्यापर्यंत एक सरळ रेषा. सगळ्यात बाहेरच्या पट्ट्या टोकांच्या अगदी जवळ. फळ्यांच्या बाजूलाही बोटभर फट. वर पत्रा आणि त्यावर भरपूर वजन. मी जुन्या शहाबादी फरशा ठेवल्या होत्या. ताडपत्रीनं सगळं गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि चार दिवसांत बुरशीची पांढरी चादर येते. पावसाची झड येते त्या बाजूला फक्त पडदा बांधा, तोही फूटभर लांब.

पहिले सहा आठवडे रोज फेरी मारा. बुरशी दिसली तर ब्रशनं झाडा आणि वारा वाढवा, हवं तर टेबलफॅन लावा. टोकाला नवी चीर दिसली तर पुन्हा रंगाचा हात द्या. ठोकळ्यांवरून वाळवीची मातीची नळी चढते आहे का, ते खाली वाकून बघा.

इंचाला एक वर्ष हा वाळण्याचा जुना ढोबळ ठोकताळा. पुण्यात तो सगळं वर्ष सारखा लागू पडत नाही. जूनमध्ये रचलेला ढीग सप्टेंबरपर्यंत जेमतेम हलतो आणि तेच बरं, कारण त्या सावकाश वाळण्यात फळ्या फुटत नाहीत. खरं वाळणं ऑक्टोबर हीटपासून संक्रांतीपर्यंत. उलट झाड मार्चमध्ये पडलं असेल तर एप्रिलच्या कोरड्या दुपारी बाहेरची कातडी भराभर वाळून फळी चिरते. तेव्हा ढिगाच्या बाजूंना गोणपाट लावून वारा कमी करावा लागतो.

वाळलं हे कसं कळणार? सुया टोचून ओल दाखवणारं मीटर असेल तर छान. नसेल तर एका फळीवर तारीख लिहून तिचं दर पंधरा दिवसांनी वजन करा. दोन-तीन वजनं सारखी आली की बाहेरच्या हवेशी तिचा समतोल झाला. पण ही दोन-तीन वजनं थंडीत घ्या, पावसाळ्यात सारखी आली तर ती फसवी, तेव्हा हवाच ओली असते. टेबलासाठी मी ओल बारा टक्क्यांवर येण्याची वाट पाहिली. माझ्या सव्वा इंची आंब्याला ते गाठायला जानेवारी उजाडला. नंतर फळ्या आणखी तीन आठवडे घरात, जिथं टेबल राहणार होतं त्याच खोलीत ठेवल्या.

करायला घेताना

सुताराला फळ्या दाखवताना हे लाकूड कुठलं आणि कधी चिरलं ते सांगा. काही मिस्त्री प्लायवर इतकी वर्षं काम करत आलेत की अखंड लाकूडही प्लायसारखं चहूबाजूंनी खिळवून टाकतात. लाकूड मात्र हलत राहतं, लांबीत नव्हे, रुंदीत. दीड फूट रुंदीची आंब्याची फळी एप्रिल आणि ऑगस्टमध्ये पाचेक मिलिमीटरनं कमी-जास्त होते. म्हणून टेबलाचा माथा चौकटीला चिकटवायचा नाही. चौकटीत लांबट भोकं पाडून स्क्रूनं धरायचा, म्हणजे तो पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो, फुटत नाही.

आंबा रंध्याखाली कधी कधी उचकटतो. पातं धारदार ठेवून बारीक ढलपी काढा, शेवटी ८० पासून २२० पर्यंत पॉलिशपेपर. बुरशीचे पट्टे आलेली फळी फेकू नका, कपाटाच्या मागच्या बाजूला चालते. घासताना तोंडावर चांगला मास्क हवाच.

शेवटी जवसाचं तेल, पातळ हातानं, तीन-चार वेळा, दोन हातांमध्ये दोन-तीन दिवस. तेलानं भिजलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. टेबलाला खालच्या बाजूनंही तेल द्या, वरच्या बाजूइतकंच. नाहीतर एक बाजू ओल जास्त घेते आणि माथा वाटीसारखा वळतो. आमच्या टेबलाचा माथा पहिल्या पावसाळ्यात मी दर रविवारी पट्टी धरून मोजला. ऑगस्टमध्ये चार मिलिमीटर फुगला, आणि डिसेंबरात पुन्हा होता तेवढा झाला.